म्हस्के कंपाउंडरांचं मत

रंगनाथराव म्हस्के भेटले की आधी तुमची हनुवटी धरायचे. रामराम, बरं आहे का, पोरंबाळं काय म्हणतात, हे सगळं नंतर. आधी दोन बोटांनी हनुवटी धरून तुमचं तोंड उजेडाकडे वळवायचं, अंगठ्यानं खालची पापणी किंचित ओढायची आणि दोन्ही डोळ्यांतल्या बाहुल्या नीट पाहायच्या. समाधान झालं की "बराबर" म्हणायचे. मग रामराम.

बायकांची हनुवटी ते धरत नसत. चार हात लांब उभे राहून "ताई, जरा उजेडाकडं बघा" म्हणायचे. आमच्या गल्लीतल्या बायकांना याची इतकी सवय झाली होती की म्हस्केमामा येताना दिसले की त्या नळावर हंडा भरता भरताच सूर्याकडे तोंड करायच्या.

जुन्या जालन्यात आमची घरं समोरासमोर होती. मधे गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी पारसमलजींचं कापडाचं दुकान. पारसमलजींच्या मुलीला पाहायला एकदा बाहेरगावचे पाहुणे आले. जीपमधून उतरलेल्या मुलाच्या वडिलांना म्हस्केमामांनी दुकानाच्या पायरीवरच गाठलं, हनुवटी वर केली आणि म्हणाले, "पाव्हणे, अफू घेता. थोडीच घेता, पण रोज घेता." पाहुणे पांढरेफटक. पारसमलजींनी कपाळावर हात मारला. नंतर कळलं, पाठीच्या दुखण्यावर म्हणून कधीतरी सुरू झालेली आणि घरात बायकोलाही ठाऊक नव्हती. लग्न मात्र झालं. पारसमलजी म्हणाले, "एवढं मोठं झाकलेलं पहिल्याच दिवशी उघडं पडलं, आता बाकी काय निघणार?"

मामा ज्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्याच गावच्या कोर्टात माझी सरकारी वकील म्हणून नेमणूक होती. सकाळी आठची एस.टी. आम्ही दोघं बरोबर धरायचो. ही गाडी मामांनी ड्रायव्हरचे डोळे पाहिल्याशिवाय हलत नसे. खरं सांगतो. मामा केबिनच्या खाली उभे राहायचे आणि ड्रायव्हर स्वतःहून खिडकीतून वाकून हनुवटी पुढे करायचा.

"बघा मामा. द्या सर्टिफिकेट."

"खोकल्याचं औषध पेल्ता का?"

"रात्री एक चमचा."

"एक न्हाई, तीन. चहा घे कडक, मंग काढ गाडी."

आणि चाळीस माणसं गाडीत बसलेली असताना ड्रायव्हर खरोखरच उतरून चहा घ्यायचा. कुणी कुरकुरलं तर कंडक्टर म्हणायचा, "बसा गुमान. मामा बराबर म्हणल्याबिगर घंटी न्हाई."

मामांची दुसरी खोड म्हणजे खुणा. त्या काळी दवाखान्यात पातळ औषध बाटलीतून द्यायचे आणि बाटलीवर कागदाची एक पट्टी चिकटवायचे. पट्टीच्या कडेला कात्रीनं दाते कापलेले. एक दाता म्हणजे एक वेळचं औषध. मामांनी उभ्या आयुष्यात अशा किती पट्ट्या कापल्या असतील देव जाणे, पण त्यांचं सगळं जगच त्या दात्यांवर चालायचं. घरातल्या तेलाच्या बाटलीला पट्टी, रॉकेलच्या डब्याला पट्टी. आमच्याकडे जेवायला आले तर माझ्या बायकोला सांगायचे, "सुमनताई, वरण दोन खुणा. भाजी एक. उगं आग्रह नको." पारसमलजींचा राग किती चढलाय हेही ते खुणांत सांगायचे. "आज शेठ तीन खुणा हायेत. उधारी मागू नका."

पण या सगळ्याच्या वर होती ती वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. तिच्याबद्दल त्यांनी मला एस.टी.त सांगितलं. ती गोष्ट अजून कुणाला ठाऊक नाही, असंही सांगितलं. दवाखान्यात जे नवीन औषध यायचं ते मामा एकदा स्वतः घेऊन पाहायचे, रोग्याला दिलं जातं तेवढंच, आणि काय झालं ते वेळेसकट वहीत लिहायचे.

"हे कशाला मामा? एखाद्या दिवशी जीव जायचा."

"एकदा जात जात राह्यला. बेलाडोनाच्या टायमाला. पण साहेब, आपण बाटली भरून देतो, 'घ्या' म्हणतो. घेतल्यावर माणसाला काय होतं हे बाटली भरणाऱ्याला नको ठाऊक?"

मग ते मला वहीतलं तोंडपाठ म्हणून दाखवायचे. एका पिवळ्या गोळीबद्दल लिहिलं होतं, 'अर्ध्या तासानं जांभई. एक तासानं हेडक्लार्कचा राग गेला. चार तासांनी परत आला.' मी हसून हसून बेजार. शेजारच्या बाकावरची म्हातारी विचारायची, "काय झालं गं माय यान्ला?"

रोग्यांशी बोलायची त्यांची एक पद्धत होती. खिडकीतून हात बाहेर काढून नाडी धरायचे आणि म्हणायचे, "तुला काय होऊन राह्यलं ते तू सांग. कशानं होऊन राह्यलं ते मी सांगतो." रोगी काहीही सांगो, डोक्यात भुंगे आहेत म्हणो की पोटात घड्याळ वाजतंय म्हणो, मामा कधी "काहीतरीच काय" म्हणत नसत. "असंल" म्हणायचे आणि पुढचं विचारायचे.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. हे लिहायला बसलो तेच त्यासाठी.

नामदेव नावाचा एक माणूस होता. तिशीचा, एका शाळेत नव्यानं लागलेला शिपाई. कायम व्हायला चार महिने उरले होते. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेला, दर्शन घेतलं, प्रसादाचा नारळ घेतला आणि परतीच्या गाडीत बसला. शेजारी एक गोडबोल्या माणूस होता. त्यानं पेढा दिला. प्रसाद म्हणून दिलेल्या पेढ्याला नाही कोण म्हणतं? नामदेवनं खाल्ला. तासाभरानं तालुक्याच्या बसस्टँडवर तो उतरला तेव्हा मनगटावरचं घड्याळ गेलेलं होतं आणि शुद्धही. समोर ड्यूटीवर एक टकलू होमगार्ड टोपी काढून घाम पुसत उभा होता. नामदेवनं दोन्ही हात जोडले, "मोरया" म्हणाला आणि त्याच्या डोक्यावर नारळ फोडला.

होमगार्डला पाच टाके पडले. माणसांनी नामदेवला धरलं, पोलिसांनी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी छापील फॉर्म भरला. बोलणं असंबद्ध, चाल अडखळती, जीभ कोरडी, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. निष्कर्ष, दारूच्या अमलाखाली. रक्त काढलं होतं, पण बाटलीचं सील फुटलं म्हणून ती तपासणीविना परत आली. डॉक्टरांची नंतर बदली झाली. सरकारी नोकरावर ड्यूटीवर असताना हल्ला, असा खटला उभा राहिला आणि त्याचे कागद माझ्या टेबलावर आले.

आरोपीतर्फे काझी वकील होते. साठी ओलांडलेले, शेरवानीवर काळा कोट घालणारे, आवाज मऊ. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाला त्याच्या नकळत कुणी नशा दिली आणि त्या नशेत त्याला आपण काय करतोय हे कळलं नाही, तर कायदा त्याला गुन्हेगार मानत नाही. प्रश्न एवढाच, की ती नशा दारूची होती की पेढ्यात घातलेल्या धोतऱ्याच्या बियांची? आणि हे सांगणारा त्या दिवशी दवाखान्यात एकच माणूस होता. त्यांनी म्हस्केमामांना साक्षीला बोलावलं.

मामा धुतलेला पायजमा, इस्त्रीचा सदरा घालून आले. पिंजऱ्यात उभे राहिले आणि सवयीनं न्यायाधीशांच्या डोळ्यांकडे निरखून पाहू लागले. न्यायाधीश तरुण होते, नवे होते. त्यांनी चष्मा सारखा केला.

"शिक्षण?" काझीसाहेबांनी विचारलं.

"सातवी. मंग कंपाउंडरचा कोर्स. मंग बत्तीस वर्सं."

"बत्तीस वर्षं काय?"

"बत्तीस वर्सं तेच."

काझीसाहेबांनी त्या दिवशीची हकीकत विचारली. मामांनी ती अशी सांगितली की कोर्टातले कारकूनसुद्धा लिहायचे थांबले. नामदेवचं अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. जीभ लाकडासारखी कोरडी. पाणी दिलं तर गिळता येईना. आणि हवेतून तो सारखा काहीतरी चिमटीत पकडत होता, दोरा ओढावा तसं.

"मला म्हणला, धर मामा टोक. मी धरलं."

"कशाचं टोक?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दोऱ्याचं."

"दोरा होता?"

"न्हाई साहेब. पण त्याला दिसत होता. मंग मी धरून बसलो. दोन तास." मामांनी चिमूट समोर धरून दाखवली. "सोडलं की रडायचा."

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसू दाबत टायपिस्टकडे वळले.

"यावरून तुमचं मत काय?" काझीसाहेबांनी विचारलं.

मी उभा राहिलो. हरकत घेतली. साक्षीदारानं जे डोळ्यांनी पाहिलं ते त्यानं सांगावं, मत देण्याचा अधिकार फक्त तज्ज्ञाला आहे. हे डॉक्टर नाहीत. बाटल्या भरणं हे यांचं काम.

"बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले. "म्हस्के, तुम्ही फक्त दिसलं ते सांगा."

"दिसला तो धोतरा, साहेब."

"हरकत."

"धोतरा दिसला नाही ना तुम्हाला? माणूस दिसला," न्यायाधीश म्हणाले.

"माणसात धोतरा दिसला."

"हरकत."

मामा गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एस.टी.त पाहायचे तसंच, जणू मी त्यांना सांगेन. "साहेब, दवाखान्यात मी रोग्याला म्हणतो, तुला काय होतंय ते तू सांग, कशानं होतंय ते मी सांगतो. हितं उलटं हाय व्हय?"

"हितं उलटंच आहे," न्यायाधीश म्हणाले. "कशानं ते मी ठरवणार."

काझीसाहेब हलले नाहीत. म्हणाले, "हुजूर, कायद्यात डिग्री हा शब्द कुठंच नाही. खास जाणकारी असा आहे. बत्तीस वर्षांत आलेली जाणकारी ही जाणकारीच. आणि तज्ज्ञानं आपलं मत कशावरून बनवलं, त्यासाठी कुठले प्रयोग केले, तेही त्याला सांगता येतं." ते मामांकडे वळले. "म्हस्केसाहेब, धोतऱ्यासारख्या औषधाचा असर काय होतो हे तुम्हाला कशावरून कळलं?"

मामांनी पिंजऱ्याची कड धरली. मग म्हणाले, "बेलाडोना मिक्श्चर यायचं दवाखान्यात. ते धोतऱ्याच्याच घरातलं. मी घेऊन बघितलं होतं. मलाबी दोरे दिसल्ते."

न्यायाधीश पुढे झुकले. त्यांना गोष्ट पटत चालली होती, हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही पटली होती. तो फॉर्म वाचला त्याच दिवशी पटली होती. दारू प्यालेल्या माणसाच्या जिभेवरचं पाणी असं आटत नाही, एवढं मामांबरोबर पाच वर्षं एस.टी.नं जाऊन मलाही समजत होतं. आणि ते गेलेलं घड्याळ कागदांत होतंच.

पण त्या वर्षी माझे चार खटले ओळीनं सुटले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी मीटिंगमध्ये वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुम्ही सरकारचे वकील आहात की आरोपींचे? ते माझ्या कानात होतं. हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो. लिहिताना ते फारच लहान दिसतंय.

उलटतपासणीला मी उठलो आणि म्हणालो, "तुमच्याकडे एक लाल वही आहे ना? तुम्ही घेतलेल्या सगळ्या औषधांची?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घराची कडी न विचारता काढली होती.

"हाय," ते म्हणाले.

मी न्यायाधीशांकडे वळलो. साक्षीदार प्रयोगांवर विसंबत असेल तर प्रयोगांची नोंद कोर्टासमोर यावी. पहिल्या पानापासून वाचली जावी. न्यायाधीशांनाही ते पटलं. म्हणाले, "म्हस्के, वही आणा. नोंद असेल तर मी तुमचं मत जरूर विचारात घेईन."

माझा हिशोब साधा होता. वही आली की हेडक्लार्कच्या रागाचं पान वाचायचं, कोर्ट हसेल, तज्ज्ञपणा तिथंच संपेल. वही येणारच नाही, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पुढच्या तारखेला मामा रिकाम्या हातानं आले.

"वही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"न्हाई देणार, साहेब."

"हरवली?"

"न्हाई. घरी हाय. ट्रंकेत. देणार न्हाई."

काझीसाहेब खाली वाकून त्यांच्या कानाशी कळवळून काहीतरी म्हणाले. "म्हस्केसाहेब, त्या पोराची नोकरी..." एवढं मला ऐकू आलं. मामांनी मान खाली घातली. त्यांचा सदरा पाठीवर घामानं ओला झाला होता.

"बेलाडोनाचं पान फाडून देतो," ते म्हणाले. "तेवढं घ्या."

मी ताबडतोब हरकत घेतली. फाडलेलं पान कसं चालेल? संपूर्ण वही हवी. मग मी माझं राहिलेलं काम पूर्ण केलं. "म्हणजे तुम्ही दवाखान्यातली औषधं रोज खाता?"

"खात न्हाई. बघतो."

"तोंडानं बघता?"

कोर्ट हसलं. मामांच्या उजव्या हाताची चिमूट मिटलेली होती. ती साक्ष संपेपर्यंत त्यांनी उघडली नाही.

निकालपत्रात लिहिलं गेलं की साक्षीदारानं आपल्या मताचा आधार कोर्टापासून लपवला, सबब त्याचं मत ग्राह्य धरता येत नाही. नामदेवला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा. वरवर पाहिलं तर काहीच नाही. संध्याकाळी तो घरी गेला. पण शिक्षा ती शिक्षा, आणि शाळेनं त्याला कायम केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठच्या गाडीत मामांनी नेहमीप्रमाणे माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. मी बसलो. त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. ड्रायव्हरचे डोळे पाहिले, कंडक्टरचे पाहिले, शेजारच्या म्हातारीलाही उजेडाकडे बघायला लावलं. माझ्या हनुवटीला हात लावला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी समोर आलो की नुसतं "रामराम साहेब" म्हणायचे. सुमनला ते पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणाली, "मामा तुमच्या डोळ्यांत बघत नाहीत आताशा." मी म्हटलं, वय झालं त्यांचं.

दर चतुर्थीला ते राजूरला जायचे, हे मला पारसमलजींकडून कळलं. नामदेवनं तिथं नारळ आणि दूर्वांचं दुकान टाकलं होतं. मामा दिवसभर त्याच्याजवळ बसून दूर्वांच्या जुड्या बांधू लागायचे. पारसमलजींनी स्वतः पाहिलं होतं. नामदेव दोऱ्याचं एक टोक त्यांच्याकडे द्यायचा आणि म्हणायचा, "धर मामा." धोतऱ्याच्या अमलातलं त्याला काही आठवत नव्हतं. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत नाही म्हणून येतो.

अशी दहा-बारा वर्षं गेली. माझी बदली झाली, परत जालन्याला आलो. मामा निवृत्त होऊन एकटेच राहत होते. बायको मी गल्लीत राहायला येण्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. बायकोचं नाव कमल, माहेर वडीगोद्रीचं, एवढंच ठाऊक होतं. तिच्याबद्दल ते कधी बोलत नसत आणि गल्लीतले जुने लोक विषय निघाला की आवाज खाली आणायचे.

एका सकाळी पारसमलजींनी दुकानातून हाक मारली. "वकीलसाब, म्हस्केमामांना डोळ्याच्या डॉक्टरकडून आत्ताच आणून सोडलंय. मोतीबिंदू तपासायला थेंब घातलेत. जवळचं दिसत नाही काही. जरा जाऊन बसा ना, मला गिऱ्हाईक आहे."

मामा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. कपाळावर हात आडवा धरला होता. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"या साहेब. बरं झालं आलात. काम हाय. आत ट्रंक हाय. उघडीच हाय. वही आणा."

मी जागचा हललो नाही.

"आणा की. थेंबाची नोंद करायची हाय. अंमल उतरायच्या आत झाली पायजे. मला जवळचं अक्षर दिसंना."

मी वही आणली. लाल कापड विटून विटकरी झालं होतं. कोरं पान कुठं आहे ते पाहायला मी ती उघडली आणि ती पहिल्याच पानावर उघडली. ते पान आधी अनेकदा उघडलं गेलं असावं.

"पहिलं पान हाय का?" त्यांनी विचारलं. त्यांना पानांच्या आवाजावरून कळलं की काय, कोण जाणे.

"हो."

"वाचा."

"मामा, नको."

"वाचा. तवा पहिल्या पानापासून म्हणला होता ना? वाचा."

मी वाचलं. "कमलची गोळी. पांढरी, छोटी. सकाळी सात वाजता घेतली. आठ वाजता तोंड कोरडं. नऊ वाजता पायात वळवळ सुरू. बसवत नाही. उभं राहिलं तर चालावंसं वाटतं. चाललं तर बसावंसं वाटतं. बसलं की परत तेच. संध्याकाळपर्यंत अंगणात फेऱ्या मारल्या. कमल खरं सांगत होती."

पुढे पान कोरं होतं.

"तिच्या डोक्याचा इलाज चालू होता," मामा म्हणाले. "तिला सगळे येडी म्हणायचे. ती दिवसभर अंगणात फिरायची. म्हणायची, अहो, ही गोळी मला बसू देत न्हाई. डॉक्टर म्हणले, नाटकं करते. मीबी म्हणलो, नाटकं करू नको. सहा महिने म्हणलो, साहेब. माझ्या हातानं गोळी देत होतो. हातात पाण्याचा गिलास घेऊन उभा राहायचो, गिळली का बघायला." त्यांनी कपाळावरचा हात खाली घेतला. "मी गोळी घेतली तवा ती गेल्ती. चौदा दिवस झाल्ते."

समोर नळावर कुणीतरी हंडा लावला. पाणी पडायचा आवाज येत राहिला.

"कोर्टात हे पान कसं देऊ? भरल्या कोर्टात तुम्ही वाचलं असतं. टायपिस्टनं टाइप केलं असतं. लोक हसून राह्यले होते साहेब. तिला लई हसले होते लोक. आणखी एकदा नको वाटलं." मग हळूच म्हणाले, "त्याच्यात नामदेवची नोकरी गेली. ते माझ्यावर हाय."

"ते माझ्यावर आहे, मामा," मी म्हणालो. इतकी वर्षं हे वाक्य म्हणायची मी तयारी करत होतो, कितीतरी लांबलचक. प्रत्यक्षात एवढंच निघालं.

"असंल," मामा म्हणाले. रोग्याला म्हणायचे तसं.

मी पुढे सरकलो. दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. पांढरी दाढी बोटांना टोचली. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्याचा तपकिरी रंग नुसता कडेला उरला होता. त्यांनी मान हलवली नाही.

"कशा हायेत?"

"मोठ्या."

"बराबर. लिवा."

मी मांडी घालून बसलो, शेवटचं कोरं पान काढलं आणि खिशातलं पेन उघडलं. मामा सांगू लागले, पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं होतं तसं, सावकाश, एकेक वाक्य सुटं करून. मी शब्द न बदलता लिहून घेत गेलो. "डोळ्यात थेंब. साडेदहा वाजता. जवळचं दिसत न्हाई. स्वतःचा हात धुरात धरल्यावानी. लांबचं दिसतं बराबर, नळावरचा हंडा दिसतो. उजेड टोचतो."

मी वहीतून मान वर केली. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं होतं आणि दाढीत शिरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"डोळ्याला पाणी," ते म्हणाले. "लिवलं?"

"लिहिलं."

"थेंबामुळं न्हाई."

मी तेही लिहिलं.